दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. तीन महिने झाले, मन अजून बोलणं सोडत नाही

काजबटण

नमस्कार मंडळी. मी बार्शीची. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते, १६ वर्षं झाली. ब्लाउज हेच मुख्य काम. लग्नसराईत दिवसाला चार-पाच निघतात, एरवी फॉल-पिको आणि गाउन यांवर चालतं.

एप्रिलमध्ये ओळखीच्या एका काकूंचा ब्लाउज आला. मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतलेली सेमी पैठणी, सात हजारांची. भिशी उचलली तेव्हा घेतली होती, म्हणजे किती महिने मनात धरून घेतली असेल ते बायकांना कळेल. ब्लाउजपीस साडीलाच होता, ८० सेंटीमीटर. काठ बाहीला हवा म्हणून कापड दुमडता आलं नाही, एकेक बाही वेगळी आखली. ज्यांना शिवणातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहीचा वरचा गोलवा पुढच्या बाजूला खोल आणि मागच्या बाजूला कमी खोल असतो. त्यामुळे एक बाही आखून झाली की दुसरीसाठी कागद उलटा करायचा. मी तो उलटा केलाच नाही. तसाच ठेवला, खडू फिरवला, कात्री चालवली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

कळलं ते बाही अंगाला जोडायला घेतली तेव्हा. रात्रीचे साडेदहा वाजले होते. कापड बोटभरही शिल्लक नव्हतं. दीड वाजेपर्यंत बसून दोन्ही बाह्यांचे गोलवे खाली घेतले आणि नव्यानं कापले. १० इंची बाही ९ इंचांची झाली. सकाळी काकूंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी घालून बघितला, आरशात दोन्हीकडून वळून पाहिलं, म्हणाल्या, "कुणाला कळणार आहे गं, छान बसलाय." पूर्ण शिलाई हातावर ठेवली, ती मात्र मी घेतली नाही. साखरपुडा झाला. काकू नंतर फोटोसुद्धा दाखवून गेल्या.

त्यांच्या बाजूनं संपलं. माझ्या बाजूनं संपत नाही.

रात्री तीनच्या सुमाराला जाग येते आणि सुरू होतं. "ढ आहेस ढ. तुझ्या हातात कात्री देऊ नये कुणी. १६ वर्षं लोकांची कापडं नासतीयस." हे सगळं अगं-तुगंमध्ये, समोर उभं राहून कुणी बोलावं तसं. मी जिथं शिवण शिकले तिथल्या बाई असंच बोलायच्या. लाकडी फूटपट्टी बोटांच्या सांध्यावर मारायच्या. त्यांचा माझा २० वर्षांत संबंध नाही, पण आवाज तोच आहे.

मी स्वतःला समजावायचा प्रयत्न करते. म्हणते, होतं असं, माणूस आहे. पण ते म्हणतानासुद्धा खेकसल्यासारखंच निघतं, "एवढं काय मनाला लावून घेतीयस, अक्कल नाही का?" म्हणजे समजूत घालतानाही शिवीच. मग आणखी वाईट वाटतं.

मे महिन्यापासून मी रेशमी कापड घेणं बंद केलंय. "मशीन बिघडलंय" सांगते. खोटं सांगते. त्यामुळे ऐन सीझनचं काम गेलं. मालक म्हणतात विसर आता. विसरायचं कसं ते कुणी सांगेल का? जेवण नीट आहे, दिवसा काम करते, जिवाचं काही करावं असं मनात येत नाही. फक्त हा आवाज थांबायला हवा.

रोखपाल६१

ताई, मी निवृत्त बँक कॅशियर, सातारा. तुमचं वाचून माझं ९८ साल डोळ्यांपुढे उभं राहिलं.

त्या काळी आमच्या काउंटरच्या एकाच खणात पन्नासची आणि शंभरची बंडलं असायची. बंडलात नोटा १००. एका खातेदाराला पन्नासचं द्यायचं ते शंभरचं दिलं. पाच हजार जास्त गेले. संध्याकाळी टॅली होईना. सहा वाजले, सात वाजले, सगळे माझ्यासाठी थांबलेले. शेवटी रक्कम माझ्या नावावर पडली, पगारातून हप्त्यानं भरली. तेव्हा पगारात पाच हजार म्हणजे काय हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं आता झाडणार. त्यांनी विचारलं, "दोन्ही बंडलं कुठं ठेवता?" मी खण दाखवला. म्हणाले, "शंभरची उजवीकडच्या खणात हलवा." बस्स. त्या खणाला मी चिठ्ठी चिकटवली आणि पुढं २३ वर्षं नोकरी केली, ती चूक परत झाली नाही.

पण माझं डोकं मात्र वर्षभर चालूच होतं. नोट मोजताना बोटं थरथरायची. चौथ्यांदा मोजायचो, रांग खोळंबायची, लोक बोलायचे, त्यानं आणखी थरथर. तेव्हा बायकोनं एक युक्ती केली. म्हणाली, "संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात अंगणातल्या खुर्चीवर बसा आणि मनसोक्त शिव्या द्या स्वतःला. बाकीच्या वेळी आल्या तर सांगा, साडेसहाला या." मी खरंच बसायला लागलो. पहिले काही दिवस १५ मिनिटं पुरायची नाहीत. नंतर पाच मिनिटांत बोलायचं संपायचं आणि मी जास्वंदीकडे बघत बसायचो. रात्रीचं जागं राहणं त्यानं कमी झालं. पुढं कळलं की मानसोपचारातसुद्धा काळजीला अशी वेळ ठरवून देतात.

तुम्ही चूक झाल्यावर कागदाचं काय केलंत? म्हणजे खण बदललात का?

तालमीतला

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आजकाल स्वतःला बोल लावायचाच नाही असं एक खूळ निघालंय. मी कोल्हापूरच्या तालमीत सहा वर्षं काढलीत. वस्तादांनी बोलून बोलूनच घडवलं. टोचणी नसती तर पहाटे साडेचारला कोण उठलं असतं आणि हजार बैठका कोणी मारल्या असत्या? टोचणी गेली की माणूस ढिला पडतो. ताईंना चुकीचं वाईट वाटतंय ही चांगलीच गोष्ट आहे. ज्याला वाईट वाटत नाही तो कारागीर कसला?

विदर्भकन्या

ताई, मी नागपुरात समुपदेशक आहे. समोर बसून बोलल्याशिवाय पूर्ण काही सांगता येत नाही, पण तुमच्या लिहिण्यात तीन जागा मला फार महत्त्वाच्या वाटल्या.

आधी तालमीतला यांच्याशी बोलते, कारण त्यांचा मुद्दा खोटा नाही. चुकल्याचं वाईट वाटायलाच हवं. ताईंना त्या रात्री तसं वाटलं म्हणूनच त्या दीडपर्यंत बसल्या, म्हणूनच सकाळी खरं सांगितलं, शिलाई घेतली नाही. हे काम "माझ्याकडून चुकलं" या वाटण्यानं केलं. ते वाटणं माणसाला दुरुस्तीकडे नेतं. पण मे महिन्यापासून जे चाललंय ते वेगळं आहे. "मीच ढ आहे" हे वाटणं माणसाला लपायला लावतं. ताई मशीन बिघडल्याचं सांगून लपल्या. टोचणीनं हात सुधारला असता तर त्यांच्या टेबलावर आज जास्त रेशीम असतं. आहे ते शून्य. दादा, एक विचारू? तुमचे वस्ताद चुकल्यावर नेमकं काय म्हणायचे?

आता ताई, तुमच्यासाठी. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, १९५५ च्या सुमारास त्यांनी एक उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, विवेकनिष्ठ मानसोपचार या नावानं. एलिस यांचं सांगणं साधं होतं. घडलेली गोष्ट आणि होणारा त्रास यांच्यामध्ये आपण स्वतःला सांगितलेलं एक वाक्य असतं, आणि त्रास बराचसा त्या वाक्यातून येतो. मराठीत ते वाक्य पकडायला एक अक्षर फार उपयोगी पडतं, ते म्हणजे "च". "माझ्या हातून असं व्हायलाच नको होतं." "मला काहीच येत नाही." "मी नेहमीच माती खाते." रात्रीची वाक्यं सकाळी वहीत जशीच्या तशी उतरवा, शिव्यांसकट, आणि प्रत्येक "च" खोडून परत वाचा. "माझ्या हातून असं व्हायला नको होतं." हे खरं आहे, आणि पेलवतं. एलिस यांचा दुसरा मुद्दा असा की कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. बाही चुकली, हे कापडावर दाखवता येतं. "ढ" कुठं दाखवणार?

पण तुम्ही जे लिहिलंय, की समजूत घालतानाही खेकसल्यासारखं निघतं, ती खरी गाठ आहे. इंग्लंडमधले पॉल गिल्बर्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ याच जागी अडखळले होते. त्यांच्याकडे येणारी माणसं योग्य, समजूतदार उत्तरं शोधून काढायची, पण डोक्यात ती उत्तरं ऐकू यायची तीही कठोर, तिरस्काराच्या सुरात. शब्द बदलले, सूर तोच. म्हणून गिल्बर्ट यांनी सुरावर काम सुरू केलं, त्यातून करुणेवर आधारलेली त्यांची उपचारपद्धत उभी राहिली. आपल्याकडे मनाच्या श्लोकांमध्ये समर्थ मनाला चांगले कडक उपदेश करतात, हे सोड ते सोड म्हणतात, पण हाक कशी मारतात? मना सज्जना. तुम्ही रात्री तीन वाजता स्वतःला कोणत्या नावानं हाक मारता ते बघा. घरात तुम्हाला लाडानं कोण हाक मारायचं? आजी, आत्या, कुणीही. त्या नावानं आणि त्या आवाजात, ओठ हलवून, हळू बोला. आधी श्वास सावकाश सोडा, घेताना लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लागू दे. शरीर शांत झाल्याशिवाय सूर उतरत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. झोप रोजच तुटायला लागली, जेवण सुटलं, कशातच मन लागेना असं दोन आठवड्यांच्या वर राहिलं, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली मानस ही फोनसेवा आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री तीनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं.

सुईदोरा_डोंबिवली

अहो ताई, दोन्ही बाह्या एका हाताच्या! माझ्या तीन झाल्यात अशा, २२ वर्षांत. एकदा तर नवरीच्या शालूचा ब्लाउज होता. शिवणाऱ्या प्रत्येकीनं ही बाही कापलेली असते, फक्त कुणी बोलत नाही.

हातमागाची अस्सल पैठणी असती तर वाचला असता. येवल्याच्या हातमागाच्या पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, बाही उलटी करून लावता येते. सेमीला मागून धागे सुटलेले असतात, तिथं इलाज नाही. तुम्ही गोलवा खाली घेऊन काढलंत, मीही तेच केलं असतं. एका रात्रीत, तेही मन घाबरलेलं असताना, दोन्ही गोलवे सारखे बसवणं हे नवख्या बाईचं काम नाही.

मला एवढंच विचारायचंय. तुमच्याकडे मुली शिकायला येतात का? त्यांचं कापड चुकलं की त्यांना काय म्हणता?

तालमीतला

विदर्भकन्या ताई, तुम्ही विचारलंत म्हणून दोन दिवस आठवत बसलो. वस्ताद ओरडायचे खूप. पण म्हणायचे, "पाय मागं राहिला." "कंबर वर आली." मातीतच, तिथल्या तिथं. "तू बिनकामाचा" असं मला सहा वर्षांत एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. आणि ज्या दिवशी जास्त ओरडले त्या दिवशी थंडाईचा पेला स्वतः हातात आणून द्यायचे. हे मी विसरलो होतो.

आठवायचं कारण, पोराला अभ्यासावरून मी जे बोलतो त्यात "पाय मागं राहिला" कुठंच नसतं. एवढंच.

काजबटण

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

रोखपाल काका, तुमच्या प्रश्नावर मी थबकलेच. खण बदलला नव्हता. तीन महिने स्वतःला शिव्या दिल्या आणि बाहीचा कागद तसाच खिळ्याला लटकत होता! त्याच दिवशी जुन्या कॅलेंडरच्या जाड पानातून दोन कागद कापले. एकावर लाल पेनानं "डा", दुसऱ्यावर "उ". दोन्ही भोक पाडून एकाच दोऱ्यात ओवले, म्हणजे एक उचलला की दुसरा हातात येतोच. १० मिनिटांचं काम.

सुईदोराताई, तुमचा प्रश्न मात्र रात्रभर पुरला. माझ्याकडे एक मुलगी येते, बारावी झालीय. मागच्याच महिन्यात तिनं अस्तराचा पुढचा भाग मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, पाऊण इंच जास्त कापला. रडकुंडीला आली होती. मी तिला काय म्हटलं ते आठवलं. म्हटलं, "अगं, अस्तर आहे ते. ४० रुपयांचं. बघू दे कुठं गेलं ते." मग दोघींनी मिळून बघितलं तर तिची टेपच एका टोकाला फाटून आखूड झाली होती. तिला नवी टेप दिली आणि चहा टाकला. मला त्यात काही विशेष केलं असं वाटलंही नव्हतं. रात्री तीन वाजता हे आठवलं आणि मी अंथरुणात उठून बसले. त्या पोरीला मी फूटपट्टी मारली नाही, कारण मला माहीत आहे ती कशी लागते. बोटावर लागते ते दोन तासांत जातं. पण त्यानंतर हात कापडाला लागायला भितो, ते राहतं. आणि तीच फूटपट्टी मी रोज रात्री स्वतःवर उचलत होते.

विदर्भकन्या ताई, वही केली. पहिल्या दिवशी एका पानात ११ "च" निघाले. खोडून वाचलं तर काही वाक्यं खरी उरली, काही इतकी बारीक झाली की लिहिल्याचीही लाज वाटली नाही. हाक मारायचं मात्र पहिले तीन-चार दिवस जमलं नाही. माझी आजी मला "बायडे" म्हणायची. अंधारात स्वतःला बायडे म्हणायचं म्हणजे घशात आवंढाच आला. पाचव्या रात्री म्हटलं, "बायडे, झोप आता, सकाळी बघू." आणि रडू फुटलं. खूप वेळ. मालक जागे झाले, काही विचारलं नाही, पाठीवर हात ठेवून बसले. त्यानंतर दोन रात्री मी सलग सकाळपर्यंत झोपले. मग परत एक रात्र गेली वाईट. आवाज गेलेला नाही, खोटं सांगत नाही. पण आता तो आला की मला कळतं, ह्या बाई आल्या. पूर्वी मला वाटायचं ती मीच बोलतेय.

त्या बाईंचाही विचार आला मनात. त्यांना कुणी कसं शिकवलं असेल कोण जाणे. एका खोलीत वीस मुली, दोन मशीन. माफ केलं वगैरे म्हणत नाही, तेवढं मोठं मन सध्या नाही. फक्त त्यांचं बोलणं त्यांचं, माझं माझं.

काल काकूंकडे गेले होते. त्यांनी परत शिलाई पुढं केली, या वेळी घेतली. आणि आज सकाळी एक जण गर्द जांभळं रेशीम घेऊन आली, श्रावणातल्या मंगळागौरीसाठी. तोंडात "मशीन बिघडलंय" आलंच होतं. म्हटलं, "ठेवा, गुरुवारी या." दुपारी दोरा धरून दोन्ही कागद काढले. हात थोडा कापला. आखून झाल्यावर कात्री लावायच्या आधी "डा" आणि "उ" कापडावर टाचणीनं टाचले. कापून झालंय. आता समोर टेबलावर आहेत, एक डावी, एक उजवी.

सुईदोराताई, एक विचारायचं राहिलं. गर्द रेशमावर खडूचा पांढरा डाग उरतो, झटकून जात नाही. तुम्ही आखायला काय वापरता?

सुईदोरा_डोंबिवली

अंगाच्या साबणाची संपत आलेली वडी. पातळ झालेली, सुकलेली, कड धारदार हवी. पांढरीच घ्या, रंगीत नको, तेलकट साबण तर अजिबात नको. आधी कोपऱ्यातल्या चिंधीवर ओढून बघा, रेघ सुती फडक्यानं जाते का ते. आणि आखायचं नेहमी उलट्या बाजूनं.

मंगळागौरीच्या ब्लाउजचा फोटो टाका गुरुवारी. बाह्या दिसतील असा.